लपवलेल्या आजाराचा हिशेब

आपल्या मराठी घरांत दोन गोष्टी चारचौघांत बोलल्या जात नाहीत. एक कर्ज आणि दुसरा आजार. आयर्लंडमध्ये आल्यापासून पहिल्याची भीड मोडली आहे. मॉर्गेजचा दर, बँक आणि हप्ता यांवर आपण मंडळाच्या कार्यक्रमात बिनदिक्कत गप्पा मारतो. दुसऱ्याची भीड मात्र तशीच आहे. सर्दी-तापाबद्दल आपण पाच मिनिटे बोलू, पण जो आजार जन्माचा सोबती झाला आहे त्याबद्दल घराबाहेर अवाक्षर काढणार नाही.

मी आज अशाच एका सोबत्याबद्दल लिहिणार आहे. मला टाइप वन मधुमेह आहे. तो मला १४ व्या वर्षी, नववीत असताना झाला. आज मी ३६ वर्षांचा आहे. या २२ वर्षांत इंजिनिअरिंगची पदवी, पुण्यातली नोकरी, डब्लिनला येणे, लग्न आणि एक मुलगी, हे सर्व यथास्थित पार पडले. तेव्हा हा लेख म्हणजे रडगाणे नव्हे. वार्तापत्राचे हे पान आरोग्य आणि अर्थ या दोन्ही विषयांचे आहे आणि या आजारात ते दोन्ही इतके गुंतलेले आहेत की वेगळे काढता येत नाहीत. माझे म्हणणे थोडक्यात असे: आयर्लंडमध्ये या आजाराचा रोजचा खर्च, पैशाचा आणि कष्टाचाही, पेलण्याजोगा आहे. तो लपवण्याचा खर्च मात्र पेलण्याजोगा नाही.

हा मधुमेह वेगळा

मधुमेह म्हटले की बहुतेकांना घरातले एखादे आजोबा, त्यांचे सकाळचे फिरणे, बिनसाखरेचा चहा आणि जेवणानंतरच्या गोळ्या आठवतात. तो टाइप टू. त्यात शरीर इन्सुलिन तयार करते, पण ते पुरत नाही किंवा नीट वापरले जात नाही. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आईवडिलांच्या लाडाने होत नाही, आणि पथ्य पाळल्याने जातही नाही. बाहेरून इन्सुलिन घेणे हा एकच उपाय आहे. १९२२ पर्यंत तोही नव्हता. त्या वर्षी जानेवारीत टोरांटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या एका शाळकरी मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी असे मूल काही महिन्यांचे, फार तर एखाद-दोन वर्षांचे सोबती असे. शोध लावणाऱ्यांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी १ डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले.

हा फरक समजणे महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे सल्ला फार स्वस्त आहे. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथीचे पाणी, अमुक एका महाराजांचा काढा, यांतले सर्व काही मला आजवर सुचवले गेले आहे. कारले खायला माझी हरकत नाही, उलट मला ते आवडते. पण "हे घे आणि इन्सुलिन बंद कर" असे टाइप वनच्या रुग्णाला सांगणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. इन्सुलिन पूर्ण थांबले तर एक-दोन दिवसांत रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात आणि माणूस दगावू शकतो.

लहान मुलांच्या आईवडिलांनी चार लक्षणे पाठ करून ठेवावीत: वारंवार लघवी, न भागणारी तहान, विनाकारण थकवा आणि अचानक उतरलेले वजन. ही एकत्र दिसली तर "थंडीमुळे असेल" असे म्हणत आठवडा घालवू नये. त्याच दिवशी जी.पी.कडे जाऊन बोटाच्या रक्ताची साखर तपासून घ्यावी.

रोजचा जमाखर्च

माझा दिवस कसा जातो असे कोणी विचारले तर मी सांगतो की तो किराणा दुकानदारासारखा जातो. वही सतत उघडी असते. २४ तास पुरणारे एक इन्सुलिन दिवसातून एकदा, आणि प्रत्येक जेवणाच्या आधी दुसरे, लवकर काम करणारे. या दुसऱ्याचे प्रमाण ताटात कर्बोदके किती आहेत त्यावर ठरते. त्यामुळे मध्यम पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम, शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८ च्या आसपास, हे आकडे पाढ्यांसारखे डोक्यात बसले आहेत. सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे उपवासाची साबुदाण्याची खिचडी. कोरड्या १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदके असतात. "आज उपवास आहे, हलकेच खाल्ले" हे वाक्य निदान आमच्या वहीत तरी चालत नाही.

उपवासाचा विषय निघाला म्हणून सांगतो. काही न खाता राहायचे असले तरी २४ तासांचे इन्सुलिन थांबवायचे नसते. उलटी-जुलाब किंवा ताप असला, जेवण जात नसले, तरीही थांबवायचे नसते. अशा दिवशी कीटोन तपासायचे आणि डायबेटिस नर्सला फोन करायचा. निर्जळी हरतालिका करावी की नाही हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरशी बोलून ठरवावे. माझे मत विचाराल, तर आपल्या भक्ताची साखर ३ वर यावी अशी कोणत्याही देवाची इच्छा असेल असे मला वाटत नाही.

एवढे करून साखर रोज सरळ रेषेत राहते का? नाही. झोप कमी झाली, कामाची मुदत जवळ आली, डब्लिनच्या वाऱ्यात सायकल चालवली, की आकडे हलतात. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्हाला ठाऊक असते की कोणतीही यंत्रणा १०० टक्के वेळ चालत नाही. ती किती वेळ बंद होती आणि किती लवकर पूर्ववत झाली हे पाहायचे असते. आजचे डॉक्टरही तेच सांगतात. दिवसातला ७० टक्के वेळ साखर ३.९ ते १० या पट्ट्यात राहिली तर बहुतेक प्रौढांसाठी ते उत्तम मानले जाते. इंजिनिअरिंगच्या निकालात ७० टक्के आले तर आमच्या घरी पेढे वाटले जात. इथेही तोच न्याय लावावा.

ही मेहनत फुकट जात नाही याचा पुरावा १९९३ मध्ये मिळाला. अमेरिका आणि कॅनडात टाइप वनच्या १४४१ रुग्णांवर १० वर्षे चाललेल्या डी.सी.सी.टी. या अभ्यासात असे दिसले की साखर काटेकोर सांभाळणाऱ्या गटात डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला, मूत्रपिंडाचा सुमारे ५० आणि नसांचा सुमारे ६० टक्क्यांनी. त्याच गटात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिप्पट झाले. म्हणजे नियंत्रण हवे, पण हट्टाने नको. अलीकडे दंडावर लावायच्या सेन्सरमुळे ही कसरत पुष्कळ सोपी झाली आहे. साखर उतरू लागली की फोन वाजतो. यांतले काही सेन्सर आपल्या किल्केनीतल्या कारखान्यात तयार होतात हे अनेकांना माहीत नसेल.

साखर उतरण्याला इथे हायपो म्हणतात. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. साखर ४ च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम लगेच लागणारी साखर घ्यायची, १५ मिनिटे थांबायचे, पुन्हा तपासायचे. एक सूचना: जुन्या सवयीने लुकोझेडची बाटली जवळ ठेवणाऱ्यांनी लेबल वाचावे. २०१७ मध्ये त्यातली साखर निम्म्याहून कमी केली गेली, त्यामुळे पूर्वीइतके पिऊन आता भागत नाही. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर वळवावे, घरात ग्लुकागॉनचे इंजेक्शन असेल तर द्यावे आणि ११२ किंवा ९९९ ला फोन करावा.

या देशात आपल्या हक्काचे काय

आता अर्थाकडे वळू. भारतात टाइप वन असलेल्या बहुतेक कुटुंबांना इन्सुलिन, सुया, पट्ट्या हे सारे खिशातून आणावे लागते. त्यामुळे आयर्लंडमध्येही तसेच असणार असे आपण गृहीत धरतो. ते तसे नाही.

१९७० च्या आरोग्य कायद्यातून इथे लाँग टर्म इलनेस स्कीम सुरू झाली. तिच्यात १६ आजार आहेत आणि मधुमेह त्यांतला एक आहे. या योजनेत इन्सुलिन, सुया, पट्ट्या आणि मधुमेहाशी निगडित इतर मान्य औषधे औषधाच्या दुकानातून विनामूल्य मिळतात. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला २५ हजार युरो मिळवणारा आणि १ लाख मिळवणारा यांत भेद नाही. पी.पी.एस. नंबर, डॉक्टरच्या सहीचा अर्ज, आणि इथे किमान १ वर्ष राहत असणे किंवा राहण्याचा इरादा असणे एवढे पुरते. अर्ज एच.एस.ई.कडे जातो, नंबर येतो, तो आपल्या फार्मसीत द्यायचा.

नाव नोंदवले नाही तर काय होते? ड्रग्ज पेमेंट स्कीमखाली एका घराला महिन्याला ८० युरोपर्यंतचा औषधखर्च स्वतः करावा लागतो. म्हणजे वर्षाला ९६० युरोपर्यंत. "कशाला सरकारदरबारी आजाराची नोंद" असे म्हणून घरी बसणाऱ्याला लपवण्याचा हा पहिला हप्ता पडतो.

सेन्सरचेही तसेच. २०१८ मध्ये ते ४ ते २१ वर्षे वयाच्या टाइप वन रुग्णांसाठी सुरू झाले आणि २०२३ च्या अखेरीस प्रौढांसाठीही खुले झाले. डॉक्टरांच्या टीमने अर्ज करावा लागतो. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी डायबेटिक रेटिनास्क्रीन या राष्ट्रीय योजनेत १२ वर्षांपुढील सर्वांना विनामूल्य आहे. सार्वजनिक इस्पितळात दाखल झाल्यावर रात्रीमागे लागणारी ८० युरोंची फी एप्रिल २०२३ मध्ये रद्द झाली. काही इस्पितळांत डॅफ्ने नावाचा ५ दिवसांचा वर्ग चालतो, त्यात ताटातले ग्रॅम मोजून इन्सुलिन कसे ठरवायचे हे शिकवतात. माझे प्रांजळ मत असे की ज्याला शक्य आहे त्याने ५ दिवसांची रजा काढून तो जरूर करावा. १९६७ पासून काम करणारी डायबेटिस आयर्लंड ही संस्थाही माहिती आणि आधार देते. जी.पी.ची फी मात्र योजनेत येत नाही. तिच्यावर वर्षाअखेर रेव्हेन्यूकडून २० टक्के करसवलत मागता येते, मागच्या ४ वर्षांचीसुद्धा. पावत्या जपून ठेवा.

लपवण्याचे बाकीचे हप्ते

माझ्या ओळखीचा नाशिककडचा एक विद्यार्थी मास्टर्स करायला इथे आला. बॅगेत सहा महिन्यांचे इन्सुलिन भरून आणले होते. घरून ताकीद होती की कोणाला सांगू नकोस, पुढे लग्नाला अडचण येईल. चार जणांच्या भाड्याच्या घरात कोणालाच पत्ता नव्हता. एका रात्री साखर उतरली, तो असंबद्ध बोलू लागला आणि भिंतीला धरून चालू लागला. सोबत्यांना वाटले की पार्टीत जास्त झाली असेल. ते त्याला पांघरूण घालून झोपवणार होते. योगायोगाने शेजारी राहणारी केरळची नर्स त्याच वेळी ड्युटीवरून परत येत होती. तिने त्याचा घाम पाहिला, बोट टोचले आणि पुढचे सगळे झटपट केले. तो मुलगा आज ठणठणीत आहे, नोकरीला आहे. पण त्याचा जीव वाचला तो शेजारणीच्या ड्युटीच्या वेळापत्रकामुळे. घरातल्या तिघांपैकी एकाला जरी ठाऊक असते तरी योगायोगाची गरज पडली नसती.

दुसरा हप्ता गाडीचा. इन्सुलिन घेणाऱ्या चालकाने एन.डी.एल.एस.ला ते कळवणे बंधनकारक आहे. त्यासाठी डॉक्टरचा अहवाल लागतो. परवाना मिळतो, ठरावीक मुदतीने नूतनीकरण होते, एवढेच. निघण्याआधी साखर तपासायची, ५ च्या खाली असेल तर आधी खायचे, आणि लांबच्या प्रवासात दर २ तासांनी थांबून पुन्हा पाहायचे. डब्लिन ते कॉर्क म्हणजे वाटेत एक थांबा. न कळवता गाडी चालवली आणि अपघात झाला, तर दोष कोणाचाही असो, विम्याचा प्रश्न उभा राहू शकतो.

तिसरा हप्ता आयुर्विम्याचा, आणि घर घेणाऱ्यांनी तो नीट वाचावा. १९९५ च्या ग्राहक कर्ज कायद्यानुसार राहत्या घराचे मॉर्गेज देताना बँकेला मॉर्गेज प्रोटेक्शन विमा पाहावा लागतो. टाइप वन असेल तर हप्ता जास्त पडतो, कधी एखादी कंपनी नकार देते. म्हणून काही जण अर्जातला मधुमेहाचा रकाना "नाही" असा भरण्याचा विचार करतात. हे करू नका. २०१९ च्या विमा करार कायद्यात कंपनीने नेमके प्रश्न विचारायचे आणि ग्राहकाने त्यांना प्रामाणिक उत्तर द्यायचे अशी रचना आहे. जाणूनबुजून खोटे उत्तर दिले तर कंपनी दावा फेटाळू शकते. म्हणजे इकडे हप्ते भरत राहायचे आणि नको तो प्रसंग आला की पत्नीच्या आणि मुलांच्या हाती घराचे कर्ज ठेवून जायचे. त्यापेक्षा खरे सांगा, दोन-तीन कंपन्यांकडे ब्रोकरमार्फत विचारणा करा, आणि मागच्या काही वर्षांचे एच.बी.ए.वन.सी.चे अहवाल सोबत ठेवा. नियंत्रण चांगले असेल तर हप्त्यात फरक पडतो. विमा मिळतच नसेल किंवा फार महाग पडत असेल तर त्या कायद्यात बँकेला अट शिथिल करण्याची मुभा आहे. बँकेकडे तशी लेखी मागणी करावी. नोकरीतून मिळणारा सामूहिक विमा पुष्कळदा ठरावीक रकमेपर्यंत वैद्यकीय प्रश्न न विचारता मिळतो, तोही पाहून घ्यावा.

खासगी आरोग्य विम्यात मात्र इथे एक चांगली गोष्ट आहे. आजारामुळे हप्ता वाढवता येत नाही. सर्वांना एका योजनेचा एकच दर. फक्त आधीपासून असलेल्या आजारासाठी ५ वर्षे थांबावे लागते. शिवाय वयाच्या ३५ पासून विमा नसलेल्या प्रत्येक वर्षासाठी २ टक्के जादा आकार लागतो, आणि नव्याने राहायला आलेल्यांना तो टाळण्यासाठी ९ महिन्यांची मुदत असते. तेव्हा ५ वर्षांचे घड्याळ जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे.

चौथा हप्ता नोकरीचा. १९९८ च्या रोजगार समानता कायद्यात अपंगत्वाची व्याख्या व्यापक आहे. शरीराच्या एखाद्या भागाचे कार्य बिघडणेही तीत येते. बैठकीत मध्येच ज्यूस पिणे, तपासणीसाठी वेळ मिळणे, या मागण्या अवाजवी नाहीत. साऱ्या ऑफिसला दवंडी पिटण्याची गरज नाही. पण शेजारच्या टेबलावरच्या एकाला तरी आपला ज्यूस कोणत्या खणात आहे ते माहीत असावे.

मुलांच्या बाबतीत तर लपवणे हा पर्याय मोजूच नये. शाळेला लेखी द्यावे, वर्गशिक्षिकेला हायपोची लक्षणे दाखवावीत. १६ वर्षांखालील मुलाची जास्तीची देखभाल करावी लागत असेल तर डोमिसिलिअरी केअर अलाउन्ससाठी अर्ज करता येतो. निर्णय प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे होतो, पण अर्ज केल्याशिवाय निर्णयच होणार नाही.

राहिला लग्नाचा प्रश्न. टाइप वन असलेली माणसे संसार करतात, नीट नियोजन केलेल्या स्त्रियांना निरोगी मुले होतात. मी लग्नाआधी दुसऱ्याच भेटीत सांगितले होते आणि होणाऱ्या सासऱ्यांनी शांतपणे तीन-चार प्रश्न विचारून विषय संपवला. सगळीकडे असेच होईल असे नाही, मुलींच्या बाबतीत तर समाज अधिक निष्ठुर आहे. पण जे स्थळ हे ऐकून मोडते ते आधी मोडलेले बरे. रात्री तीन वाजता ग्लुकागॉन टोचायचे ते शेजारी झोपलेल्या माणसानेच. त्याला ते माहीत नसून कसे चालेल?

क्रिकेटप्रेमींना एक आठवण देतो. वसीम अक्रम यांना १९९७ मध्ये टाइप वनचे निदान झाले. त्यानंतर ते २००३ पर्यंत खेळले आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांत ५०० बळी घेणारे पहिले गोलंदाज ठरले. आपल्या आजाराबद्दल ते जाहीरपणे बोलत आले आहेत. त्याने त्यांचा यॉर्कर काही बोथट झाला नाही.

मायदेशी जाताना

१९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले, कारण एका गटाचे आकडे ब्रिटिश एककात होते आणि दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले. आमच्या धंद्यात हे उदाहरण हमखास दिले जाते. टाइप वनच्या माणसाने भारतात उतरताना ते आठवावे, कारण तिथे एकके बदलतात.

पहिले, रक्तातल्या साखरेचे. आयर्लंडमध्ये ती मिलिमोलमध्ये मोजतात, भारतात मिलिग्रॅममध्ये. भारतातल्या आकड्याला १८ ने भागले की इथला आकडा मिळतो: तिथले १८० म्हणजे इथले १०, तिथले ७० म्हणजे इथले ३.९. एच.बी.ए.वन.सी. तिथे ७ टक्के असेल तर इथल्या अहवालात ५३ दिसेल. घाबरू नये, दोन्ही एकच.

दुसरे अधिक धोक्याचे. इथले नेहमीचे इन्सुलिन १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट असते. भारतात पेनच्या काड्या १०० च्या असल्या तरी कुप्यांमधून मिळणारे इन्सुलिन पुष्कळदा ४० चे असते आणि त्याची सिरिंजही ४० ची. पेन बिघडले म्हणून इथले इन्सुलिन तिथल्या ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर प्रत्यक्षात २५ युनिट जातील. अडीचपट! म्हणून जास्तीचे पेन आणि सुया इथूनच न्याव्यात.

इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेत ठेवावे. सामानाच्या कक्षात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. डॉक्टरचे पत्र सोबत असावे. घड्याळ उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांनी पुढे जाते. २४ तासांच्या इन्सुलिनची वेळ कशी सरकवायची हे निघण्याआधी नर्सला विचारून कागदावर लिहून घ्यावे. उष्णतेत इन्सुलिन लवकर भिनते आणि लवकर खराबही होते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फ्रीजची वीज गेली तर ओल्या मातीच्या मडक्यात ठेवलेले इन्सुलिन बरेच थंड राहते. ही आजीची युक्ती विज्ञानालाही मान्य आहे.

मंडळाला चार विनंत्या

शेवटी आपल्या मंडळाकडे वळतो. टीका म्हणून नव्हे, घरचा माणूस म्हणून.

एक, जेवणाची वेळ. आपल्या कार्यक्रमात सात म्हणजे साडेआठ, हे आपण हसत स्वीकारले आहे. पण ज्याने साडेसातच्या जेवणाचा अंदाज धरून इन्सुलिन घेतले त्याला तो दीड तास विनोदी वाटत नाही. कार्यक्रम लांबणार असेल तर ध्वनिक्षेपकावरून एक वाक्य सांगावे.

दोन, प्रत्येक कार्यक्रमात प्रथमोपचाराच्या पेटीत साध्या ज्यूसची दोन खोकी आणि ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यात आणि निदान दोन स्वयंसेवकांना हायपो ओळखता यावा. आपल्यात डॉक्टर आणि नर्स पुष्कळ आहेत. गणेशोत्सवाआधी अर्ध्या तासाचा वर्ग त्यांना सहज घेता येईल.

तीन, दर सप्टेंबरला नवे विद्यार्थी येतात. त्यांना आपण बस, बँक आणि भाड्याच्या घराची माहिती देतो, त्याच कागदावर लाँग टर्म इलनेस स्कीमचे दोन ओळींत टिपण द्यावे. कोणाला आजार आहे हे विचारण्याची गरज नाही. ज्याला हवे तो वाचेल.

चार, ताटाकडे पाहून बोलणे थांबवू या. "तुला मोदक चालतो का?" आणि "एका मोदकाने काय होतंय?" हे दोन्ही प्रश्न प्रेमाने विचारलेले असतात हे मी जाणतो. पण दोन्हींचे उत्तर ज्याचे त्याने वहीत आधीच लिहिलेले असते. त्यापेक्षा मोदकाचे सारण कशाचे आहे आणि केवढा आहे हे सांगितलेत, तर आमचा हिशेब सोपा होईल आणि आम्हीही निर्धास्तपणे दुसरा मागू.

आणि ज्या वाचकाच्या कपाटात आज कोणाला न सांगितलेली इन्सुलिनची पेटी आहे, त्याने या आठवड्यात दोन कामे करावीत: योजनेचा अर्ज भरावा, आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला विश्वासात घेऊन सांगावे. पहिल्या कामाने पैसे वाचतील. दुसऱ्याने एखाद्या रात्री जीव वाचेल. कोणाला अर्ज भरायला मदत हवी असेल तर पुढच्या कार्यक्रमात मला जरूर भेटावे. मी पाण्याच्या टेबलापाशी असतो, तिथून जेवणाची रांग नीट दिसते.